दोन्ही हात एकदम

फजरची वेळ होती. दादीच्या शेजारी आमची धाकटी नमाजला उभी राहिली. तकबीरसाठी दोघींनी हात उचलले. सत्तरी ओलांडलेल्या दादीचे हात नेहमीसारखे वर गेले. तेरा वर्षांच्या पोरीचा उजवा हात मात्र मध्येच अडला. नमाज झाल्यावर दादीने तिला जवळ बसवून विचारले, "हात कायकू नई उठता गे?" ती म्हणाली, "काही नाही दादी, झोपेत अवघडला असेल." दादीने कोमट तेल लावून दिले. आम्हीही तिच्या शब्दावर विश्वास ठेवला आणि डबे भरायला लागलो.

आठ दिवसांनी क्लबांची स्पर्धा होती. पोरगी 100 मीटर बटरफ्लाय पोहली, म्हणजे आमच्या 25 मीटरच्या तलावात चार फेऱ्या. भिंतीला तिसरी लागली. आम्ही टाळ्या वाजवत उठलो. निकालाचा कागद भिंतीवर लागला तेव्हा तिच्या नावापुढे वेळ नव्हती. 'बाद' असे लिहिले होते. कारण एका ओळीत दिले होते : तिसऱ्या वळणावर दोन्ही हात एकाच वेळी भिंतीला लागले नाहीत.

खरे सांगायचे तर आम्हाला राग आला. एवढीशी पोर, जीव तोडून पोहली, आणि हाताच्या एवढ्याशा फरकासाठी बाद! तिचे अब्बा पंचांशी बोलायला निघाले होते. मोठ्या मुलाने मोबाइलवर शर्यत टिपली होती. आम्ही ती हळू करून पाहिली आणि गप्प झालो. पंचांचे बरोबर होते. डावा हात आधी लागला, उजवा मागून आला. आणखी एक गोष्ट दिसली. पहिल्या फेरीत दोन्ही हात सारखे चालत होते. तिसऱ्या फेरीत उजवा हात पाण्यावरून येताना वाकडा होऊन खाली पडत होता. जो हात तकबीरला अडला, तोच वळणावर उशिरा पोहोचला होता.

त्या दिवसापासून हा विषय आम्ही जमेल तसा समजून घेतला. नियमावली वाचली, फिजिओथेरपिस्ट बाईंकडे तीन महिने गेलो, जाणत्या पोहणाऱ्यांना विचारले. आमच्या मासिकाच्या वाचकांपैकी कितीतरी घरांतली मुले-मुली आता तलावावर जातात. त्यांच्या आईबापांच्या कामी यावे म्हणून हे लिहीत आहोत. आम्हाला कळले ते थोडक्यात असे : बटरफ्लायमध्ये जी चूक मुलाला बाद करते, बहुधा तीच त्याचा खांदा दुखवते. दोन्हींवर उपायही एकच आहे.

हा प्रकार आला कुठून?

आमच्या पोरीला पोहायला तलावावर शिकवलेच नाही. नानांच्या मळ्यातल्या विहिरीत, पाठीला सुका भोपळा बांधून तिच्या मामूने तिला सोडले आणि ती शिकली. बटरफ्लायचे वेड मात्र तलावावर लागले. कोल्हापूर आमच्यापासून फार लांब नाही. तिथल्या वीरधवल खाडेने 2010 च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत 50 मीटर बटरफ्लायमध्ये कांस्यपदक आणले, ही गोष्ट आमच्याकडच्या प्रत्येक तलावावर सांगितली जाते. त्याआधी आशियाई स्पर्धेत पोहण्याचे पदक भारताला 1986 साली सोलला मिळाले होते. ते खजान सिंगचे 200 मीटरचे रौप्य, आणि तेही बटरफ्लायमध्येच. मधली 24 वर्षे कोरडी गेली होती.

मुळात बटरफ्लाय हा वेगळा प्रकार नव्हताच. 1930 च्या दशकात ब्रेस्टस्ट्रोक पोहणाऱ्या काहींच्या लक्षात आले की हात पाण्याखालून पुढे नेण्याऐवजी पाण्यावरून नेले तर वेग वाढतो, आणि नियमात त्याला मनाई नाही. 1935 च्या सुमारास अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाचे प्रशिक्षक डेव्हिड आर्मब्रस्टर आणि त्यांचा जलतरणपटू जॅक सीग यांनी त्याला डॉल्फिनच्या शेपटीसारखी, दोन्ही पाय जोडून मारायची किक दिली. ब्रेस्टस्ट्रोकची साधी रीत मागे पडू लागली, तेव्हा 1952 मध्ये दोन्ही प्रकार वेगळे झाले. 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये बटरफ्लायच्या स्वतंत्र शर्यती पहिल्यांदा झाल्या. इतर प्रकारांच्या मानाने हे धाकटे भावंड आहे, पण शिस्त त्याची सगळ्यांत कडक.

नियम काय सांगतो?

नियम मोजून पाचच आहेत. आईबापांनी ते एकदा नीट वाचावेत; म्हणजे आमच्यासारखे उगाच पंचांवर चिडायची वेळ येणार नाही.

पहिला : सुरुवातीनंतर आणि प्रत्येक वळणानंतर हाताची पहिली फेरी सुरू झाली की शरीर छातीवर असले पाहिजे. पाठीवर वळायचे नाही. भिंतीला हात लावल्यावर वळताना कसेही वळा, पण भिंत सोडताना पुन्हा छातीवर यायला हवे.

दुसरा : दोन्ही हात एकदम, पाण्यावरून पुढे, आणि एकदम, पाण्याखालून मागे. दमलेल्या मुलाचे हात पाण्यातून फरफटत पुढे येतात. पंचांची नजर तिथेच असते.

तिसरा : दोन्ही पाय एकदम वर, एकदम खाली. आलटून-पालटून चालणारी फ्रीस्टाइलची किक चालत नाही. ब्रेस्टस्ट्रोकची बेडकासारखी किकही चालत नाही.

चौथा : प्रत्येक वळणाला आणि शेवटाला दोन्ही हात भिंतीला एकाच वेळी लागले पाहिजेत आणि ते एकमेकांपासून सुटे असले पाहिजेत. एकावर एक ठेवलेले हात चालत नाहीत.

पाचवा : सुरुवातीला आणि वळणानंतर पाण्याखाली किक कितीही मारा, पण हाताची ओढ एकच. 15 मीटरच्या आत डोके पाण्याबाहेर आले पाहिजे. ही मर्यादा 1998 मध्ये आली. त्याआधी रशियाच्या डेनिस पानक्रातोवसारखे खेळाडू शर्यतीचा मोठा भाग पाण्याखालूनच कापत असत.

आणि नियम काय सांगत नाही?

हा भाग आम्हाला कुणी सांगितला नव्हता. खांद्याच्या दृष्टीने तर तोच मोलाचा आहे. नियमाने 'एकदम' म्हटले आहे, 'उंच' म्हटलेले नाही. हात आभाळाकडे फेकायची गरज नाही. पाण्याला जेमतेम ओलांडून, सैल, बाजूने फिरवत आणलेला हात नियमात पूर्ण बसतो. पाय एकाच पातळीवर असले पाहिजेत असेही नाही. फक्त आलटून-पालटून चालू नयेत. श्वास दर फेरीला घ्या, एक सोडून घ्या, समोर घ्या किंवा मान वळवून बाजूला घ्या. छाती खाली राहिली की झाले. भिंतीला हात पाण्यावर, पाण्याच्या पातळीवर किंवा पाण्याखाली, कुठेही लावता येतात.

म्हणजे नियमाच्या चौकटीत राहूनही खांद्याला सांभाळून पोहायला बरीच जागा आहे. आमची पोरगी दूरचित्रवाणीवर पाहिलेल्या खेळाडूंसारखे हात उंच फेकायला बघत होती. नियमाने ते मागितलेच नव्हते.

खांदा दुखतो कशाने?

फिजिओ बाईंनी आम्हाला खांद्याची रचना एका चहाच्या बशीवर लिंबू ठेवून समजावली. दंडाच्या हाडाचा वरचा गोळा मोठा, आणि तो ज्या खोबणीत बसतो ती उथळ. म्हणून तर हात सगळीकडे फिरतो. पण म्हणूनच तो जागेवर राहायला स्नायूंवर अवलंबून असतो. चार लहान स्नायू गोळ्याला चहूबाजूंनी धरून ठेवतात. त्यांना मिळून 'रोटेटर कफ' म्हणतात. पाठीवरचे खांद्याचे चपटे हाड, म्हणजे फरा, हा त्या खोबणीचा पाया. फरा जागेवर नीट सरकला नाही, तर हात वर करताना गोळा आणि वरचे हाड यांच्यामध्ये स्नायूंच्या दोऱ्या घासतात, सुजतात. पोहणाऱ्यांमध्ये हे इतके नेहमीचे आहे की 1970 च्या दशकात डॉक्टरांनी त्याला 'स्विमर्स शोल्डर' असे नावच दिले.

फ्रीस्टाइलमध्ये एक हात पुढे जातो तेव्हा अंग त्या बाजूला वळते आणि खांद्याला वाट मिळते. बटरफ्लायमध्ये अंग वळवता येत नाही. दोन्ही हात एकाच वेळी, छाती खाली ठेवून पुढे न्यायचे असतात. शिवाय हिशोब करून पाहा. 25 मीटरला हाताच्या 10 फेऱ्या धरल्या, तर 1 किलोमीटरला 400 वेळा दोन्ही खांदे वरून फिरतात. त्यातली प्रत्येक फेरी थोडी जरी चुकीची असली, तरी ती 400 वेळा होणार.

आमच्या मुलीच्या बाबतीत स्पर्धेआधीच्या तीन आठवड्यांत मीटर एकदम वाढवले गेले होते. वर हाताला मोठी पॅडल लावून बटरफ्लाय करून घेतले होते. दोष एकट्या कोचचा नाही. रोज संध्याकाळी "आज किती वेळ लागला?" हे आम्हीच विचारत होतो. "आज हात कसा आहे?" हे कुणीच विचारले नव्हते. तिने दुखणे लपवले ते आमच्याच भीतीने.

नियम आणि खांदा कुठे एकत्र येतात?

फिजिओ बाई आणि एक जुने जलतरणपटू यांच्याबरोबर बसून आम्ही तिची शर्यत पुन्हा पाहिली. पाच जागा सापडल्या.

*हात पाण्यात जातो ती जागा.* तिचे दोन्ही हात डोक्यासमोर जवळजवळ एकमेकांना भेटत होते, आणि तळवे बाहेर वळून अंगठा आधी पाण्यात शिरत होता. या स्थितीत खांदा आतल्या बाजूला पिळला जातो आणि दोऱ्या चेपतात. हात खांद्यांच्या रुंदीवर किंवा किंचित बाहेर पडावेत, बोटे आधी जावीत, अंगठा थोडासाच खाली झुकलेला असावा.

*छातीचा दाब.* हात पाण्यात गेले की छाती हलकेच खाली दाबायची. त्याने कंबर आपोआप वर येते. इथे अतिरेक मात्र नको. छाती फार खोल गेली तर हात पाठीच्या रेषेच्याही वर राहतात आणि खांद्याच्या पुढच्या भागावर ताण येतो.

*ओढ.* हात ताठ ठेवून पाणी सरळ खाली दाबले, तर सगळा भार खांद्यावर येतो आणि अंग फक्त वर उसळते. कोपर वाकवून, पंजा व मनगटापुढचा हात मिळून पाणी मागे ढकलायचे. कोपर पंजाच्या वर राहिले पाहिजे. मग पाठीचे मोठे स्नायू कामाला लागतात.

*हात बाहेर येतो ती जागा.* कोपर पूर्ण ताठ होईपर्यंत मागे ढकलत राहिले, तर हात मागे अडकतो आणि त्याला उपसून काढावे लागते. कंबरेजवळ आला की करंगळीकडून बाहेर काढायचा आणि सैल सोडून बाजूने फिरवायचा. अडकलेला हात उशिरा सुटतो. दुसरा आधी सुटतो. 'एकदम' हा नियम इथेच मोडतो.

*श्वास.* दमली की ती हनुवटी उंच उचलून, उशिरापर्यंत हवा घेत राहायची. डोके वर गेले की कंबर खाली जाते, पाय बुडतात, आणि हात पाण्यावरून आणायला खांद्यालाच सगळे अंग उचलावे लागते. ओढ सुरू होताच हनुवटी पाण्याला चिकटून पुढे न्यायची, श्वास घ्यायचा, आणि हात खांद्यांना ओलांडून पुढे येण्याआधी तोंड पुन्हा पाण्यात. डोके आधी आत, हात नंतर.

या सगळ्याला बांधून ठेवते ती किक. हाताच्या एका फेरीला दोन किक : पहिली हात पाण्यात शिरताना, दुसरी हात मागून बाहेर पडताना. दुसरी किक नेमकी वेळेवर बसली तर तीच हातांना पाण्याबाहेर टाकते. खांद्याला उपसावे लागत नाही. ती चुकली की हात फरफटतात, पाय सैरभैर होतात आणि पंचांना वही उघडावी लागते. आमच्या बाई म्हणाल्या, "खांद्यांनी पोहणारी मुलगी दमते. कंबरेने पोहणारी मुलगी टिकते."

वळण आणि शेवट

सर्वांत जास्त चुका भिंतीजवळ होतात, कारण भिंत आपल्या हाताच्या मापाने येत नाही. कधी अर्धी फेरी उरते. अशा वेळी मुले एक हात ताणून भिंत पकडतात. दुखरा खांदा असेल तर चांगला हात आपसूक आधी पुढे जातो. आमच्या पोरीचे हेच झाले होते.

2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमधली 100 मीटरची शर्यत मुलांना जरूर दाखवावी. सर्बियाचा मिलोराद चाविच पुढे होता. शेवटी तो हात लांब करून भिंतीकडे सरकत गेला. मायकल फेल्प्सने मात्र आणखी एक छोटी फेरी घेऊन दोन्ही हात भिंतीवर आपटले. 50.58 विरुद्ध 50.59. एका सेकंदाच्या शंभराव्या भागाने सुवर्ण फेल्प्सचे झाले. लहान मुलांसाठी यातला धडा आहे तो अंदाजाचा. भिंतीपासून 5 मीटरवर झेंड्यांची दोरी असते. तिथून आपल्याला किती फेऱ्या लागतात हे सरावात मोजून ठेवावे. अंतर थोडे उरलेच, तर दोन्ही हात पुढे लांब ठेवून किकने सरकावे. एक हात उचलू नये.

सराव कसा आणि किती?

आम्ही घरात आणि तलावावर जे नियम केले, ते असे :

– हात फरफटले, डोके उंच गेले, किक चुकली की त्या दिवसाचे बटरफ्लाय संपले. उरलेला सराव दुसऱ्या प्रकारात.
– 25 मीटरच्या छोट्या, स्वच्छ फेऱ्या. मध्ये पुरेशी विश्रांती. लांब अंतर नंतर, हळूहळू.
– एका हाताचे बटरफ्लाय हा सरावाचा चांगला प्रकार : एक हात पुढे किंवा अंगाला लावून, दुसऱ्याने पोहायचे. स्पर्धेत हे चालत नाही, सरावात चालते. लय कळते आणि खांद्यावरचा भार अर्धा होतो.
– मोठी पॅडल बंद. खांदा दुखत असताना किकबोर्ड हात लांब करून धरणेही बंद. किकचा सराव हात अंगालगत ठेवून.
– दोस्ताने मागून दोन्ही हात ओढून द्यायचा 'स्ट्रेच' बंद. तलावाकाठी मुले हे हौसेने करतात. त्याने खांद्याचे आधीच सैल असलेले बंध आणखी सैल होतात.
– पाण्यात उतरण्याआधी दहा मिनिटे हात फिरवणे, पाठ मोकळी करणे.

घरचा व्यायाम बाईंनी साधा दिला. कोपर कुशीला लावून, मध्ये घडी केलेला टॉवेल धरून, रबरी पट्टा बाहेरच्या बाजूला ओढायचा. पट्टा खिडकीच्या गजाला बांधून, फरे मागे जवळ आणत ओढायचा. भिंतीला हात टेकून दंड काढायचे आणि शेवटी पाठ किंचित फुगवून फरे पुढे ढकलायचे. गुंडाळलेल्या टॉवेलवर पाठ टेकून वरची पाठ मोकळी करायची, कारण पाठ ताठ असली की हात वर न्यायचे सगळे काम खांद्याला पडते. आठवड्यातून तीन-चार वेळा, कमी वजनाने, सावकाश. हे आमच्या मुलीला तपासून दिलेले होते. तुमच्या मुलाला दुखत असेल तर आधी तपासून घ्या.

पोशाखाचाही इथे संबंध येतो. आमच्या कितीतरी मुली पूर्ण बाह्यांचा पोशाख घालून पोहतात. तो ढगळ असला तर बाहीत पाणी भरते आणि दर फेरीला ते पाणी खांद्यालाच उचलावे लागते. अंगाला नीट बसणारा, काखेत न काचणारा घ्यावा. स्पर्धेत कोणता चालेल हे आयोजकांना आधी लेखी विचारावे. ऐनवेळी सुरुवातीच्या चौथऱ्यावर वाद नको.

कधी थांबायचे?

थकवा आणि दुखणे यांत फरक आहे. थकवा दोन्ही बाजूंना सारखा असतो, जडसर असतो आणि एक-दोन दिवसांत जातो. दुखणे बहुधा एका बाजूला असते, खांद्याच्या वर किंवा पुढे बोटाने दाखवता येते, आणि हात वर करताना ठराविक जागी टोचते. रात्री त्या कुशीवर झोपवत नसेल, केस विंचरताना किंवा ओढणी डोक्यावर घेताना हात अडत असेल, ताकद कमी वाटत असेल, तर पोहणे थांबवून डॉक्टरांकडे जा. हाताला मुंग्या येत असतील तर मानही तपासून घ्या.

केरळचा साजन प्रकाश 200 मीटर बटरफ्लायमध्ये रिओ आणि टोकियो अशी दोन ऑलिंपिक पोहला. मधल्या काळात मानेच्या मणक्याच्या दुखण्याने त्याला पाण्याबाहेर बसावे लागले होते. त्यातून उठून जून 2021 मध्ये रोमला त्याने 1 मिनिट 56.38 सेकंदांची वेळ दिली आणि ऑलिंपिकची 'अ' पात्रता थेट गाठणारा तो पहिला भारतीय जलतरणपटू ठरला. आमच्या मुलीला बसवून ठेवणे कठीण जात होते, तेव्हा हीच गोष्ट आम्ही तिला सांगितली. इजिप्तच्या फरीदा ओस्मानचीही सांगितली. 2017 आणि 2019 अशा दोन जागतिक स्पर्धांत 50 मीटर बटरफ्लायचे कांस्य तिने मिळवले. एकदा चमकण्यापेक्षा दोन वर्षांनी पुन्हा त्याच ठिकाणी पोहोचणे अवघड असते. त्यासाठी खांदा शाबूत लागतो.

मोठ्या वयाच्या वाचकांसाठीही एक चांगली बातमी आहे. 25 वर्षांपुढच्यांच्या मास्टर्स स्पर्धांत बटरफ्लायला ब्रेस्टस्ट्रोकची किक चालते. हाताच्या एका फेरीला एकच. म्हणजे 1930 च्या दशकातली ती मूळ रीत अजून जिवंत आहे. कंबर आता डॉल्फिनसारखी चालत नाही म्हणून कुणी मागे राहायला नको.

पुढे काय झाले?

बाईंनी सांगितले की दोऱ्या सुजल्या आहेत, तुटलेले काही नाही. सहा आठवडे बटरफ्लाय बंद. त्यात रमजान आला. तलावही तिच्यासाठी बंदच राहिला. इफ्तारनंतर थोडा वेळ थांबून ती खिडकीच्या गजाला पट्टा बांधून व्यायाम करायची आणि दादी मोजायची. ईदनंतर पहिला आठवडा फक्त किक. मग एका हाताचे. मग 25 मीटरच्या चार फेऱ्या. नव्या सरांना आम्ही पहिल्याच दिवशी सांगून ठेवले : तिने दुखते म्हटले तर तिला बाहेर काढा, आम्ही तक्रार करणार नाही. तिलाही सांगितले : दुखते म्हणालीस तर कुणी रागावणार नाही.

उन्हाळ्याच्या शेवटी ती पुन्हा 100 मीटर बटरफ्लाय पोहली. आम्ही घड्याळाकडे पाहिलेच नाही, हातांकडे पाहिले. तिन्ही वळणांना आणि शेवटाला दोन्ही हात भिंतीला एकदम लागले. पाचवी आली. गेल्या वेळेपेक्षा दोन सेकंद जास्त लागले. निकालाच्या कागदावर मात्र तिच्या नावापुढे वेळ लिहिलेली होती. ती वेळ तिने आणि तिच्या अब्बांनी तीन-तीनदा वाचली.

त्या रात्री इशाच्या नमाजला दादी मुद्दाम तिच्या शेजारी उभी राहिली. तकबीरला दोघींचे हात बरोबर वर गेले. सलाम फिरवल्यावर दादीने तिच्या उजव्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "अब बोलती जा, बेटा. छुपाना नई."

आईबापांनी एवढेच करावे. मुलांना बोलता येईल असे घर ठेवावे. बाकीचे नियमावलीत आणि रबरी पट्ट्यात आहे.